शिक्षक मौलूद फेराऊन

आफ्रिका खंडाच्या उत्तर टोकाला, भूमध्य समुद्राच्या काठी, अल्जीरिया नावाचा मोठा देश आहे. अल्जीअर्स हे त्याच्या राजधानीचे शहर. या शहराच्या पूर्वेला काबिलिया हा डोंगराळ प्रदेश लागतो. तेथे डोंगरमाथ्यांवर दगडी घरांची दाटीवाटीने वसलेली गावे आहेत. उतारांवर ऑलिव्ह आणि अंजिराची झाडे दिसतात. जमीन थोडी आणि खाणारी तोंडे फार, अशी या भागाची जुनी अवस्था होती. येथील लोक मुसलमान आहेत. घरात ते काबिली भाषा बोलतात आणि नमाजात अरबी म्हणतात. पण एके काळी सरकारी कचेरीतील आणि शाळेतील भाषा या दोन्हींहून वेगळी होती. ती होती फ्रेंच. फ्रान्सने १८३० साली अल्जीरियावर स्वारी केली आणि १८५७ साली काबिलियाही जिंकून घेतला. तेव्हापासून १९६२ सालापर्यंत तेथे फ्रेंचांचे राज्य होते.

राज्यकर्त्यांची ही भाषा आपल्या गावातील गरीब मुलांना शिकवण्यात एका शिक्षकाने आपले आयुष्य घालवले. त्याच भाषेत त्याने आपल्या गावाची कथा लिहिली आणि शाळेच्या कामावर असतानाच त्याला मरण आले. त्याचे नाव मौलूद फेराऊन.

मौलूद यांचा जन्म १९१३ साली तिझी हिबेल या काबिली गावात झाला. सरकारी दप्तरात त्यांची जन्मतारीख ८ मार्च अशी नोंदलेली आहे. गावात त्यांच्या घराण्याला आयत शाबान म्हणत. फेराऊन हे आडनाव फ्रेंच अधिकाऱ्यांनी गावोगावच्या लोकांची नोंदणी करताना त्यांच्यावर लादले होते. अरबी लिपीत हे नाव मिसरच्या फिरऔनसारखेच लिहितात. ज्या घरात दोन वेळच्या जेवणाची भ्रांत होती, त्या घराला बादशहाचे नाव मिळाले होते! पुढे हेच नाव एका गरिबाच्या मुलाने पुस्तकांवर छापून आणले.

मौलूद यांचे वडील शेतकरी होते. तुकडाभर जमिनीवर कुटुंबाचे पोट भरत नसे. म्हणून काबिलियातील हजारो पुरुषांप्रमाणे तेही मजुरीसाठी पुन्हापुन्हा समुद्र ओलांडून फ्रान्सला जात. घरातील कर्ता माणूस परदेशात आणि घरी बायका, मुले व म्हातारी माणसे, असे चित्र त्या काळी गावोगाव दिसे. वडिलांना शिकण्याची संधी मिळाली नव्हती. मुलगा मात्र शाळेत गेला. ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. अल्जीरियातील शंभर मुस्लिम मुलांपैकी दहा मुलेसुद्धा तेव्हा शाळेत जात नव्हती.

तिझी हिबेलपासून सुमारे दोन किलोमीटर अंतरावर तावरीर्त मुसा हे गाव होते. सात वर्षांचा मौलूद तेथल्या शाळेत जाऊ लागला. शाळेत येणाऱ्या काबिली मुलांना पहिल्या दिवशी फ्रेंचचा एक शब्दही येत नसे. शिक्षक एखादी वस्तू हातात धरून तिचे फ्रेंच नाव सांगत आणि मुले ते एका सुरात म्हणत. दार, खिडकी, फळा, खडू असे करत करत शब्दांची वाक्ये होत. मग वाचन, कवितांचे पाठांतर, श्रुतलेखन आणि शेवटी निबंध अशा पायऱ्या असत. श्रुतलेखनाची मुलांना फार धास्ती वाटे. फ्रेंचमध्ये पुष्कळ अक्षरे लिहावी लागतात पण उच्चारली जात नाहीत. प्राथमिक शाळेच्या अखेरच्या परीक्षेत श्रुतलेखनात पाच चुका झाल्या की शून्य गुण मिळत. घरी ज्या भाषेचा शब्द कधी कानावर पडत नाही, त्या भाषेत या मुलांना असे बिनचूक लिहावे लागे. घरची भाषा एक आणि शाळेतील धड्याची दुसरी, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचा आहे. मौलूदच्या वाट्याला तो फार कठीण रूपात आला होता.

मौलूद हुशार होता आणि कष्टाळूही होता. त्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि तो तिझी उझू या मोठ्या गावी पुढील शिक्षणासाठी गेला. शिष्यवृत्तीची रक्कम तुटपुंजी होती. राहण्याची सोय एका ख्रिस्ती मिशनकडे झाली. तेथे राहून त्याने रात्रंदिवस अभ्यास केला. नापास झालो तर पुन्हा शेळ्या राखायच्या किंवा वडिलांसारखे मजुरीला जायचे, हे त्याला पक्के ठाऊक होते. १९३२ साली त्याने अल्जीअर्सजवळील बुझारेआ येथील अध्यापक विद्यालयाची प्रवेश परीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला.

बुझारेआचे विद्यालय शहराच्या वर एका टेकडीवर होते. तेथे युरोपियन घरांतील तरुणही शिकत आणि अल्जीरियन मुस्लिम तरुणही शिकत. एमॅन्युएल रोब्लेस हा ओरान शहरातला युरोपियन घरचा तरुण तेथे मौलूद यांचा मित्र झाला. रोब्लेस पुढे नामवंत लेखक झाला आणि ही मैत्री अखेरपर्यंत टिकली. याच विद्यालयात मौलूद यांना फ्रेंच साहित्याची गोडी लागली. मॉन्तेन, रूसो, दोदे यांची पुस्तके त्यांनी वाचली. डिकन्स या इंग्रज लेखकाचे ग्रंथ त्यांनी फ्रेंच भाषांतरातून वाचले. साध्या माणसाच्या लहानपणाचीही कथा होऊ शकते, ही गोष्ट त्यांना या लेखकांकडून समजली.

१९३५ साली मौलूद शिक्षक झाले आणि त्यांची पहिली नेमणूक तिझी हिबेल या त्यांच्या स्वतःच्याच गावी झाली. पुढे त्यांनी काबिलियातील निरनिराळ्या गावांत काम केले. १९४६ साली ते तावरीर्त मुसा येथे शिक्षक म्हणून आले. ज्या शाळेत त्यांनी फ्रेंचचा पहिला शब्द उच्चारला होता, त्याच शाळेत आता ते दुसऱ्या मुलांना तो शब्द शिकवू लागले. त्यांचे लग्न झाले होते आणि पुढे त्यांना सात मुले झाली. खेड्यातील शिक्षकाला तेव्हा शिकवण्याखेरीज आणखी कितीतरी कामे करावी लागत. फ्रान्सला गेलेल्या बापाचे पत्र आईला वाचून दाखवायचे, तिचे उत्तर लिहून द्यायचे, कचेरीतील कागदाचा अर्थ म्हाताऱ्यांना समजावून सांगायचा, ही सारी कामे शिक्षकाकडे येत. गावाच्या दृष्टीने फ्रेंच ही कचेरीची, पोलिसांची आणि कारखान्याची भाषा होती. ती ज्याला येत नसे, तो दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राही. मुलांना ही भाषा नीट आली पाहिजे, असे मौलूद यांना वाटे, त्यामागे हे कारण होते.

पण फ्रेंच शिकवताना एक अडचण रोजच पुढे उभी राही. वाचनाच्या पुस्तकांत मुख्यतः फ्रान्स होता. तिथली खेडी, तिथले राजे, तिथली मुले आणि त्यांची घरे. काबिली मुलाची आई मातीची भांडी घडवते, ऑलिव्हच्या झाडाखाली फळे वेचते, हे त्या पुस्तकांत क्वचितच सापडे. मूल भाषा शिकत होते, पण त्या भाषेत त्याला आपले घर दिसत नव्हते. फ्रेंच साहित्यातही अल्जीरियातील मुसलमान बहुधा दुरून पाहिलेला असे. तो रस्त्याच्या कडेने जाणारा, नाव नसलेला माणूस असे.

ही उणीव भरून काढण्यासाठी मौलूद यांनी स्वतःच लेखणी हाती घेतली. १९३९ साली त्यांनी शाळेच्या वह्यांत एक कादंबरी लिहायला सुरुवात केली. दिवसभर शिकवायचे आणि रात्री लिहायचे, असा त्यांचा क्रम होता. त्यातच दुसरे महायुद्ध आले. धान्य मिळेनासे झाले आणि काबिलियात लोकांची उपासमार झाली. कादंबरी पूर्ण व्हायला अनेक वर्षे लागली. तिचे नाव गरिबाचा मुलगा. तिच्यातील नायकाचे नाव फुरुलू मेनराद असे आहे. लेखकाच्या नावातील अक्षरे इकडची तिकडे करून हे नाव तयार केलेले आहे. फुरुलूचे लहानपण, लोकर विणणाऱ्या आणि मातीची भांडी करणाऱ्या त्याच्या मावश्या, कर्जापायी फ्रान्सला जाणारा त्याचा बाप, शाळा, शिष्यवृत्ती आणि परीक्षा, असे सारे या कादंबरीत आहे. तिच्यात चमत्कार नाहीत की शूर सरदार नाहीत. एक कुटुंब उपासमार टाळण्यासाठी रोज काय काय करते, हे साध्या आणि स्वच्छ भाषेत सांगितले आहे. वर्गात मुलांकडून ज्या प्रकारच्या फ्रेंचची अपेक्षा करावी, तशीच नेमकी आणि नीटस फ्रेंच भाषा त्यांनी स्वतः लिहिली.

ही कादंबरी मौलूद यांनी १९५० साली पदरचे पैसे खर्च करून छापली. त्याच वर्षी तिला अल्जीअर्स शहराचे साहित्य पारितोषिक मिळाले. १९५४ साली पॅरिसच्या एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने ती पुन्हा प्रसिद्ध केली. त्याआधी १९५३ साली जमीन आणि रक्त ही त्यांची दुसरी कादंबरी निघाली होती आणि तिलाही फ्रान्समध्ये पारितोषिक मिळाले. चढणीच्या वाटा ही तिसरी कादंबरी १९५७ साली आली. गावातील शाळामास्तराचे नाव आता पॅरिसमधील वाचकांनाही माहीत झाले.

त्या काळी अल्बेर कामू हा अल्जीरियात जन्मलेला फ्रेंच लेखक फार प्रसिद्ध होता. तरुणपणी, १९३९ साली, त्याने काबिलियातील दारिद्र्यावर वर्तमानपत्रात लेख लिहिले होते. त्याची प्लेग ही कादंबरी ओरान शहरात घडते. मौलूद यांनी ती वाचली. १९५१ साली त्यांनी कामूला पत्र लिहिले. कादंबरीची त्यांनी स्तुती केली आणि एक खंतही नम्रपणे कळवली. ज्या शहरात इतके मुसलमान राहतात, त्या शहराच्या कथेत त्यांच्यापैकी एकही पात्र नाही, याचे त्यांना वाईट वाटले होते. खेड्यातील शिक्षकाने जगप्रसिद्ध लेखकाला त्याच्याच भाषेत, मान राखून, त्याच्या लेखनातील उणीव दाखवून दिली. पुढे दोघांचा परिचय वाढला.

१९५२ साली मौलूद फोर-नासियोनाल येथे मुख्याध्यापक म्हणून गेले. काबिलिया जिंकल्यावर फ्रेंचांनी डोंगरावर बांधलेला हा किल्ला होता आणि त्याच्या आश्रयाने गाव वसले होते. आज त्या गावाला लारबा नाथ इराथेन म्हणतात. तेथील शाळेत प्राथमिक शिक्षणापुढील वर्ग होते. आपल्याकडील माध्यमिक शाळेसारखेच ते होते. आसपासच्या डोंगरी गावांतील मुलांना घराजवळ पुढे शिकण्याची ही मोठी सोय होती. या वर्गांत व्याकरण आणि श्रुतलेखन यांच्या जोडीला फ्रेंच गद्य, पद्य आणि नाटके यांचा अभ्यास असे.

१ नोव्हेंबर १९५४ रोजी अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटले. लवकरच काबिलिया रणभूमी बनला. डोंगरात राष्ट्रीय मुक्ती आघाडीचे लढवय्ये होते आणि गावात फ्रेंच सैन्य. शाळा या दोघांच्या मध्ये सापडली. मुक्ती आघाडीच्या दृष्टीने फ्रेंच शाळा ही परक्या सरकारची संस्था होती. काही ठिकाणी शाळा जाळण्यात आल्या. मुलांना शाळेत पाठवू नका, असे पालकांना बजावण्यात आले. १९ मे १९५६ रोजी माध्यमिक आणि विद्यापीठातील मुस्लिम विद्यार्थ्यांचा मोठा संप पुकारण्यात आला आणि पुष्कळ विद्यार्थी वर्ग सोडून डोंगरात गेले. दुसरीकडे, जो शिकलेला तो बंडखोर, अशा संशयाने फ्रेंच सैन्य अल्जीरियन शिक्षकांकडे पाहत होते.

मौलूद यांच्यापुढे हा मोठा पेच होता. आपला देश स्वतंत्र व्हावा, याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता. शंभर वर्षांहून अधिक काळ झालेला अन्याय त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता आणि अंगावर सोसला होता. पण ज्या भाषेने त्यांना जगाची पुस्तके उघडून दिली, ती भाषा त्यांना शत्रू वाटत नव्हती. राज्यकर्त्यांचा जुलूम वेगळा आणि त्यांची भाषा वेगळी, असा भेद ते करत होते. हा भेद करणे वर्गात सोपे असते. युद्धात तो करणाऱ्याकडे दोन्ही बाजू संशयाने पाहतात. मौलूद यांचेही तसेच झाले.

१ नोव्हेंबर १९५५ पासून, म्हणजे युद्धाला एक वर्ष झाले त्या दिवसापासून, त्यांनी शाळेच्या वह्यांत गुपचूप रोजनिशी लिहायला आरंभ केला. फ्रेंच सैनिकांनी केलेले छळ, धरपकड आणि हत्या त्यांनी त्यात नोंदल्या. लढवय्यांनी आपल्याच माणसांना दिलेल्या कठोर शिक्षाही त्यांनी लपवल्या नाहीत. घराची झडती झाली असती आणि या वह्या सापडल्या असत्या, तर त्यांच्या जिवावर बेतले असते. तरीही ते लिहीत राहिले. मुलांच्या वहीतील चूक दिसली की तिच्यावर खूण करायची, ही शिक्षकाची सवय. ती सवय त्यांनी युद्धातही सोडली नाही. चूक आपल्या माणसाची असली, तरी त्यांनी तिला चूकच म्हटले.

फोर-नासियोनाल येथे राहणे हळूहळू अशक्य झाले. १९५७ साली ते कुटुंबासह अल्जीअर्सला आले आणि क्लो-सालाँबिए या वस्तीतील नादोर शाळेचे मुख्याध्यापक झाले. या वस्तीच्या आजूबाजूला झोपडपट्ट्या होत्या. युद्धामुळे गावे सोडून आलेली कुटुंबे शहरात अशाच वस्त्यांत आसरा घेत होती. शहरातही बॉम्बस्फोट आणि धरपकड चालूच होती. अशा दिवसांतही शाळेची घंटा वाजत होती आणि वर्ग भरत होते. या काळात त्यांनी आणखी दोन कामे केली. अल्जीरियन मुलांसाठी फ्रेंच वाचनपुस्तके तयार करण्यात त्यांनी भाग घेतला. तसेच सी मोहंद या एकोणिसाव्या शतकातील काबिली कवीच्या कविता त्यांनी गोळा केल्या आणि फ्रेंच भाषांतरासह १९६० साली प्रसिद्ध केल्या. या कविता लोकांच्या तोंडी होत्या. फ्रेंच भाषा शिकलेल्या माणसाने त्या भाषेचा उपयोग आपल्या मातृभाषेचे धन जपण्यासाठी केला.

१९६० साली मौलूद सामाजिक केंद्रे या संस्थेत निरीक्षक झाले. जर्मेन तियों या फ्रेंच विदुषीने १९५५ साली ही केंद्रे सुरू केली होती. शाळेत न गेलेल्या मुलांना आणि मोठ्या माणसांना लिहायला वाचायला शिकवणे, औषधोपचार करणे आणि एखादा धंदा शिकवणे, ही या केंद्रांची कामे होती. त्यांत फ्रेंच आणि अल्जीरियन कार्यकर्ते खांद्याला खांदा लावून काम करत.

युद्ध आता संपत आले होते. फ्रेंच सरकार आणि मुक्ती आघाडी यांच्यात फ्रान्सच्या सीमेवरील एव्हियाँ गावी बोलणी चालू होती. पण अल्जीरिया कायम फ्रान्सच्या ताब्यात राहावा, असे मानणाऱ्या काही फ्रेंचांनी गुप्त सेना संघटना नावाची टोळी उभारली होती. या टोळीने अल्जीअर्समध्ये रोज खून पाडायला सुरुवात केली. मौलूद यांच्या रोजनिशीतील अखेरची नोंद १४ मार्च १९६२ ची आहे.

दुसऱ्या दिवशी, १५ मार्च रोजी सकाळी, एल बियार येथील शातो-रोयाल या इमारतीत सामाजिक केंद्रांच्या अधिकाऱ्यांची बैठक चालू होती. गुप्त सेनेचे सशस्त्र लोक आत घुसले. त्यांनी यादीतील नावे वाचून सहा जणांना बाहेर बोलावले, अंगणात भिंतीशी उभे केले आणि मशीनगनने गोळ्या घातल्या. मौलूद फेराऊन, अली हमुतेन आणि सालाह उल्द औदिया हे तिघे अल्जीरियन होते. मॅक्स मार्शां, मार्सेल बासे आणि रोबेर एमार हे तिघे फ्रेंच होते. सहाही जण शिक्षणाच्या क्षेत्रातले. एकत्र काम करणाऱ्या या माणसांचे रक्त एकाच भिंतीशी सांडले. मौलूद यांना ४९ वर्षे पूर्ण होऊन जेमतेम आठवडा झाला होता. तीन दिवसांनी, १८ मार्च रोजी, एव्हियाँच्या करारावर सह्या झाल्या आणि १९ मार्चला युद्ध थांबले. ५ जुलै १९६२ रोजी अल्जीरिया स्वतंत्र झाला. ज्या स्वातंत्र्याची मौलूद यांनी वाट पाहिली, ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

तिझी हिबेल या जन्मगावी त्यांचे दफन झाले. त्यांची रोजनिशी त्याच वर्षी पॅरिसमध्ये पुस्तकरूपाने निघाली. त्या युद्धातील सामान्य माणसाचे हाल जाणून घ्यायचे असतील, तर ती आजही वाचावी लागते.

स्वतंत्र अल्जीरियात अरबी ही राजभाषा झाली. मौलूद यांची मातृभाषा ज्या भाषासमूहातील आहे, त्या तमाझिघ्त भाषेला पुष्कळ वर्षांनी, २००२ साली, राष्ट्रीय भाषेचा आणि २०१६ साली राजभाषेचा दर्जा मिळाला. फ्रेंच राज्य गेले, तरी फ्रेंच हा विषय शाळेत राहिला. मात्र त्याच्या वाचनपुस्तकांत आता एक फरक झाला. गरिबाचा मुलगा या कादंबरीतील उतारे अल्जीरियातील शाळकरी मुलांच्या फ्रेंच पुस्तकांत धडे म्हणून आले. लहानग्या मौलूदला आपल्या पुस्तकात काबिली घर क्वचितच सापडत असे. त्याच्या देशातील मुलांना ते सापडले. ऑलिव्हची झाडे, मातीची भांडी, मजुरीला गेलेला बाप आणि दिव्याच्या उजेडात अभ्यास करणारा मुलगा, हे सारे फ्रेंच भाषेत, पण आपल्याच गावातील एका शिक्षकाच्या हातचे.